बावीस आठवड्यांचं आकाश

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका साप्ताहिकाची गोष्ट सांगणार आहे. ते मुलांसाठी होतं, अंतराळातल्या साहसकथांचं होतं आणि ते निघत होतं लंडनहून. त्याचा पहिला अंक १३ मे १९७८ चा आणि शेवटचा ७ ऑक्टोबर १९७८ चा. मधले आठवडे मोजले तर अंक भरतात अवघे बावीस. 'स्टारलॉर्ड' हे त्याचं नाव. आता तुम्ही विचाराल, की लंडनच्या एवढ्या अल्पायुषी साप्ताहिकाशी मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाचं काय नातं? ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं होईल.

माझं बालपण रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात गेलं. आमच्याकडे प्रत्येक घरातला एक तरी माणूस जहाजावर असायचाच. आमचे मामू मालवाहू बोटीवर होते. वर्षा-दीड वर्षानं घरी यायचे तेव्हा त्यांच्या पेटीतून साबणाच्या वड्या, आईसाठी कापड आणि आम्हा मुलांसाठी काहीतरी छापील निघायचं. १९७८ च्या पावसाळ्यानंतर ते आले, तेव्हा त्या पेटीतून 'स्टारलॉर्ड'चे दोन अंक निघाले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. चांदोबा वाचणारा आणि मुंबईहून कुणी आणलाच तर इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचणारा. इंग्रजी मला येत नव्हतं. आपा दहावीला होती. ती शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची आणि एकेका चौकटीतलं इंग्रजी मला आमच्या भाषेत सांगायची. दोन अंक संपायला आम्हाला महिना लागला. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी अर्थातच 'पुढील अंकी' होतं.

मामू परत बोटीवर निघाले तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट मागितली. पुढचा अंक. १९७९ च्या उन्हाळ्यात ते आले आणि त्यांनी एक वेगळंच साप्ताहिक माझ्या हातात ठेवलं. नाव मोठ्या अक्षरांत 'टू थाउजंड एडी', म्हणजे इसवी सन दोन हजार. त्याखाली, बारीक अक्षरांत, 'स्टारलॉर्ड'. मी हिरमुसलो. मामू म्हणाले, "अरे, दुकानदाराला विचारलं मी. तो म्हणाला, तो मुलगा आता याच्या घरी राहतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. एका साप्ताहिकाला दुसऱ्याच्या घरी राहायला का जावं लागतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. ब्रिटनमध्ये मुलांची चित्रकथा-साप्ताहिकं हा फार मोठा धंदा होता. तिथे त्यांना नुसतं 'कॉमिक' म्हणत. शाळेतल्या मुलाला आठवड्याचा खाऊचा पैसा मिळे आणि त्यातून तो कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवाल्याकडून आपलं कॉमिक घेई. अंकातच एक कूपन छापलेलं असे. ते कापायचं, नाव लिहायचं आणि दुकानदाराला द्यायचं, म्हणजे तो दर आठवड्याला तुमची प्रत बाजूला काढून ठेवी. हे कूपन म्हणजे एक छोटा करारच होता. मुलानं सांगायचं, मी दर आठवड्याला येईन. साप्ताहिकानं सांगायचं, मी दर आठवड्याला असेन.

या परंपरेतलं सर्वांत गाजलेलं नाव 'ईगल'. १४ एप्रिल १९५० ला ते सुरू झालं. त्याचा संपादक होता मार्कस मॉरिस नावाचा एक पाद्री. मुलांच्या हातात काहीतरी चांगलं पडावं या तळमळीनं तो या उद्योगात शिरला. ईगलच्या पहिल्या पानावर 'डॅन डेअर' हा अंतराळवीर असे आणि त्याचा चित्रकार होता फ्रँक हॅम्प्सन. पहिल्या अंकाच्या नऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. हॅम्प्सन अंतराळयानांच्या प्रतिकृती बनवून, माणसांना पोशाख घालून उभं करून, मग त्यावरून चित्रं काढी. इतका जीव ओतला तरी डॅन डेअरवर त्याचा हक्क राहिला नाही. हक्क कंपनीचा होता. कंपनी विकली गेली, मालक बदलले आणि १९५९ मध्ये हॅम्प्सन स्वतः जन्माला घातलेल्या त्या नायकापासून दूर झाला. १९७५ मध्ये इटलीतल्या लुका इथल्या महोत्सवात जगभरच्या जाणकारांनी त्याचा मोठा सन्मान केला. तोवर हातात काही उरलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे पुन्हा येणार आहे.

१९६० च्या दशकात लहानमोठ्या प्रकाशनसंस्था एकमेकींत मिसळत गेल्या आणि आयपीसी नावाची एक प्रचंड कंपनी उभी राहिली. मासिकं, साप्ताहिकं, मुलांची कॉमिक्स, सगळं तिच्या पोटात. समोर प्रतिस्पर्धी एकच म्हणावा असा, स्कॉटलंडमधल्या डंडी गावची डी. सी. थॉमसन ही कंपनी. आयपीसीत कॉमिक्स चालवण्याची एक ठरलेली रीत होती. नवं साप्ताहिक काढायचं. सोबत काहीतरी खेळणं फुकट द्यायचं, टीव्हीवर जाहिरात करायची. पहिल्या आठवड्यांत खप उसळतो, मग ओसरतो. ओसरत ओसरत तो एका रेषेखाली आला, की ते साप्ताहिक दुसऱ्या एखाद्यात विलीन करायचं. दोन्हींचे वाचक एकत्र आले की काही महिने खपाचा आकडा बरा दिसतो. मग पुन्हा नवं साप्ताहिक. या रीतीला तिथे गमतीनं एक यमक जुळवलेलं नाव होतं. मराठीत त्याचा भाव सांगायचा तर बारसं, लग्न आणि तेरावं.

या रीतीची वंशावळ पाहिली तर मती गुंग होते. ईगल १९६९ मध्ये 'लायन'मध्ये गेलं. लायन १९७४ मध्ये 'व्हॅलियंट'मध्ये. व्हॅलियंट १९७६ मध्ये 'बॅटल'मध्ये. मग १९८२ मध्ये ईगल हे नाव पुन्हा नव्यानं काढलं गेलं आणि १९८८ मध्ये बॅटल त्या नव्या ईगलमध्ये विसर्जित झालं. म्हणजे पणजोबांचं नाव ठेवलेल्या पोरानं आपल्याच आज्याला गिळलं. मुलांना यातलं काही कळत नसे. त्यांच्या अंकाच्या दर्शनी पानावर एके दिवशी छापून येई, की आत तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. जुन्या वाचकांना पुढे पुढे या आनंदाच्या बातमीची धडकीच भरू लागली. आनंदाची बातमी म्हणजे हा शेवटचा अंक.

१९७० च्या दशकात या धंद्याला उतार लागला होता. टीव्ही घरोघरी पोहोचला होता, कागद महाग झाला होता आणि कॉमिक्समधल्या गोष्टी अजून दुसऱ्या महायुद्धातल्या शाळकरी शौर्यात अडकल्या होत्या. अशा वेळी पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर या दोन तरुण लेखकांनी आयपीसीसाठी १९७५ मध्ये 'बॅटल' उभं केलं. मग १९७६ च्या फेब्रुवारीत मिल्सनं 'ॲक्शन' काढलं. त्यातल्या गोष्टी रांगड्या होत्या. शहरातल्या गरीब वस्तीतल्या पोरांच्या भाषेतल्या होत्या. मुलांनी त्या उचलून धरल्या आणि मोठ्यांनी डोक्याला हात लावला. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली, बीबीसीच्या टीव्हीवर जाब विचारला गेला. शेवटी २३ ऑक्टोबर १९७६ चा छापून तयार असलेला अंक कंपनीनं बाजारात येऊच दिला नाही. त्याचा लगदा केला. डिसेंबरात ॲक्शन परत आलं, पण दात काढलेल्या वाघासारखं. पुढच्या वर्षी तेही बॅटलमध्ये विलीन झालं.

याच सुमारास कंपनीतल्या केल्विन गॉस्नेल या कनिष्ठ उपसंपादकानं लंडनच्या एका सायंदैनिकात एक लेख वाचला. येत्या काळात विज्ञानकथांवरचे मोठमोठे चित्रपट येऊ घातले आहेत, असं त्यात होतं. त्यानं वरिष्ठांना टिपण पाठवलं, की आपणही विज्ञानकथांचं कॉमिक काढू. यातून २६ फेब्रुवारी १९७७ ला 'टू थाउजंड एडी' जन्माला आलं. पृथ्वीवरची वस्ती दाखवली की आईबाप ओरडतात. परग्रहावर, भविष्यकाळात तेच दाखवलं तर ओरडत नाहीत, हा एक हिशेबही त्यामागे होता. किंमत आठ पेन्स. त्याचा संपादक म्हणे काक्षी ताऱ्याच्या बाजूकडून आलेला थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी. प्रत्यक्षात पहिले अंक पॅट मिल्सनं बांधले आणि मग खुर्चीवर गॉस्नेल बसला.

ते वर्ष संपता संपता, २७ डिसेंबर १९७७ ला, 'स्टार वॉर्स' हा चित्रपट लंडनला झळकला. फेब्रुवारी १९७८ मध्ये मार्व्हल कंपनीनं त्याचं साप्ताहिकही तिथे सुरू केलं. सगळी पोरं आकाशाकडे पाहू लागली. आयपीसीच्या मनात आलं, अंतराळाचं दुसरं कॉमिक काढायला हीच वेळ. त्याची धुरा गॉस्नेलवरच आली. त्याच्या मनात काहीतरी वेगळं होतं. चांगला कागद, जास्त रंगीत पानं, थोड्या मोठ्या मुलांसाठी, आणि आठवड्याच्या घाईत न अडकता सावकाश निघणारं. वरच्यांनी कागद मान्य केला, रंग मान्य केले, सावकाशी मान्य केली नाही. साप्ताहिक म्हणजे साप्ताहिक. झालं, महागड्या कपड्यातलं मूल रोजच्या धावपळीत उतरवलं गेलं. किंमत ठेवावी लागली बारा पेन्स. टू थाउजंड एडीच्या पहिल्या अंकाची किंमत आठ पेन्स होती, म्हणजे ही दीडपट. खाऊच्या पैशात हा फरक फार मोठा असतो.

तर असं हे 'स्टारलॉर्ड'. त्याचा काल्पनिक संपादक हिरवा परग्रहवासी नव्हता. तो माणसासारखा दिसणारा अंतराळातला योद्धा होता. पृथ्वीवर हल्ला होणार आहे, तयारीत राहा, आकाशावर लक्ष ठेवा, असं तो वाचकांना बजावायचा. वाचक म्हणजे त्याचं सैन्य. आत गोष्टी होत्या त्याही साध्या नव्हत्या. एकीत जुळ्या बहीण-भावाच्या मनोबळाचं परग्रहवासी शस्त्र करतात. एकीत काळाच्या प्रवाहात गस्त घालणारे शिपाई आहेत. पण ज्यांच्यामुळे या बावीस अंकांचं नाव आज निघतं, त्या गोष्टी दोन.

पहिली 'स्ट्रॉन्शियम डॉग'. लेखक जॉन वॅग्नर, चित्रकार कार्लोस एझ्केरा. काळ बाविसाव्या शतकाचा. अणुयुद्ध होऊन गेलेलं आहे आणि त्याच्या राखेतल्या स्ट्रॉन्शियम-९० मुळे हजारो मुलं वेगळ्या शरीरांची जन्मली आहेत. हे स्ट्रॉन्शियम काल्पनिक नाही. १९५० च्या दशकात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, तेव्हा ते गवतावर पडलं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात गेलं आणि कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसलं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात शास्त्रज्ञांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यात ते मोजलं होतं. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ मध्ये झाला, त्यामागे ही भीतीही होती. वॅग्नरनं ही खरी भीती उचलली आणि विचारलं, त्या मुलांचं पुढे काय होईल?

त्यांचं असं होतं, की त्यांना कुणी शेजारी राहू देत नाही. कुणी काम देत नाही. कायद्यानं त्यांना एकच धंदा मोकळा आहे. फरारी गुन्हेगारांना पकडून आणायचं आणि डोक्यावरचं इनाम घ्यायचं. जॉनी अल्फा हा त्यांतला एक. त्याचे डोळे पांढरे आहेत आणि त्यांतून निघणाऱ्या किरणांनी त्याला भिंतीपलीकडचं दिसतं. त्याचा सोबती वुल्फ हा जुन्या काळातून आलेला एक व्हायकिंग दर्यावर्दी. ज्यांना वाचवायला जॉनी जातो, ते लोकही त्याच्याशी एका टेबलावर बसत नाहीत. मला आठवतं, मी आपाला विचारलं होतं, "यानं काय केलंय?" ती म्हणाली, "काही नाही. डोळे वेगळे आहेत." मी पुन्हा विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काही नाही. पुढचं वाचू?" लहानपणी ऐकलेली काही उत्तरं मोठेपणी जास्त समजतात.

दुसरी गोष्ट 'रो-बस्टर्स'. ही पॅट मिल्सची. यात दोन यंत्रमानव आहेत. एक गटारं साफ करणारा, तोंडानं फाटका, नाव रो-जॉज. दुसरा युद्धातून परतलेला जुना शिपाई, नाव हॅमरस्टीन. दोघंही भंगारात जाण्याच्या लायकीचे ठरलेले. त्यांना एका कंपनीनं विकत घेतलंय आणि जिथं माणसानं जाणं धोक्याचं, तिथं अपघात निस्तरायला धाडलं जातं. कंपनीचा मालक क्वार्ट्झ. त्याचा फक्त मेंदू माणसाचा उरला आहे, बाकी सगळं यंत्र. म्हणून त्याला 'दहा टक्के' म्हणतात. काम चुकलं किंवा मालकाची मर्जी गेली, की मेक-क्वेक नावाचा बुलडोझर-यंत्रमानव तयारच असतो चुराडा करायला. पोरांना ही गोष्ट हसत हसत वाचता येई. पण मोठ्या कंपनीत कामाला असलेल्या कुठल्याही बापानं ती वाचली असती, तर तो हसला असता का, शंका आहे.

आणि ज्यांनी ती लिहिली, काढली, त्यांची अवस्था तरी काय निराळी होती? लेखक-चित्रकारांना पानामागे ठरलेले पैसे मिळत. त्यानंतर गोष्ट कंपनीची, पात्र कंपनीचं, मूळ चित्रसुद्धा कंपनीचं. कथा पुन्हा कुठे छापली तरी त्यातला वाटा नाही. पानावर नाव छापायची पद्धत तर नव्हतीच. ती १९७७ मध्ये टू थाउजंड एडीत केव्हिन ओ'नील या तरुण कला-संपादकानं हट्टानं सुरू केली. एझ्केराचंच उदाहरण घ्या. स्पेनमधल्या सारागोसा शहरातला हा माणूस. बार्सिलोनात चित्रकथा काढून तो इंग्लंडला आला. टू थाउजंड एडीतला जगप्रसिद्ध 'जज ड्रेड' त्यानं डोक्यापासून बुटापर्यंत घडवला. पण छापून आलेली ड्रेडची पहिली कथा दुसऱ्या चित्रकाराच्या हातची निघाली. एझ्केरा दुखावला आणि बॅटलकडे परत गेला. स्टारलॉर्डनं त्याला आणि वॅग्नरला पुन्हा एका कामावर आणलं, म्हणून जॉनी अल्फा जन्मला.

मग एवढं सगळं असताना हे साप्ताहिक बाविसाव्या अंकाला बंद का पडलं? वाचक मिळाले नाहीत, असं सरळ उत्तर तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण त्या वेळी तिथे काम केलेल्यांचं सांगणं असं आहे, की स्टारलॉर्डचा खप टू थाउजंड एडीपेक्षा बरा होता. अडचण खर्चाची होती. चांगला कागद आणि जास्त रंग आठवड्याला परवडत नव्हते. दुसरीकडे टू थाउजंड एडी रद्दीसारख्या कागदावर छापलं जायचं, म्हणून थोड्या खपावरही तग धरायचं. अंतराळाची दोन साप्ताहिकं एकाच कंपनीला नको होती. कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली आणि ठरलं, की चांगल्या कपड्यातलं मूल साध्या कपड्यातल्या मुलाच्या घरी जाईल.

इथे एक हिशेब माझ्या मनात येतो. असा अंक छापायच्या कित्येक आठवडे आधी तयार करावा लागतो. दुकानांतून खपाचे आकडेही उशिरा येतात. म्हणजे बाविसावा अंक शेवटचा, हे ठरलं असेल ते बाविसाव्या आठवड्याच्या बरंच आधी. ज्या मुलानं जून-जुलैत कूपन कापून दुकानदाराला दिलं, त्याच्याशी केलेला करार ऑगस्टच्या आसपासच कुणीतरी मोडून ठेवला असणार. त्याला मात्र शेवटपर्यंत सांगितलं जात होतं, आकाशावर लक्ष ठेव. शेवटच्या अंकात स्टारलॉर्डनं वाचकांचा निरोप घेतला. आणि १४ ऑक्टोबर १९७८ ला टू थाउजंड एडीच्या नावाखाली स्टारलॉर्डचं नाव आलं. तेच मामूंनी मला आणून दिलं होतं.

ऑगस्ट १९७९ मध्ये तेही नाव पुसलं गेलं. त्या जागी आलं 'टॉर्नेडो'चं. टॉर्नेडो हे आयपीसीचंच आणखी एक नवं साप्ताहिक. त्याची जबाबदारीही गॉस्नेलवरच होती. मार्च १९७९ मध्ये सुरू झालं आणि ऑगस्टात बंद. किती अंक निघाले असतील? बावीस. हा योगायोग असेल. पण ज्या कंपनीला एखादं मूल चालायला लागलं की नाही हे बघायला बावीस आठवड्यांहून जास्त धीर नव्हता, तिच्याविषयी तो योगायोग बरंच सांगून जातो. गंमत म्हणजे साप्ताहिक संपल्यावरही नाताळच्या भेटीसाठी स्टारलॉर्डच्या नावाचे जाड वार्षिक अंक काही वर्षं निघत राहिले. नाव विकलं जात होतं, तोवर विकलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर मी ती सांगतो आहे. साध्या कपड्यातल्या मुलाच्या घरी जे दोघं-तिघं पाहुणे गेले, त्यांनी ते घर सावरलं. टू थाउजंड एडीची तेव्हाची अवस्थाही फार भक्कम नव्हती. स्ट्रॉन्शियम डॉग आणि रो-बस्टर्स आले आणि जज ड्रेडच्या जोडीला त्या साप्ताहिकाला आणखी खांब मिळाले. हॅमरस्टीनमधून १९७९ मध्ये 'एबीसी वॉरियर्स' ही नवी मालिका निघाली आणि ती पुढे दशकानुदशकं चालली. १९९५ च्या 'जज ड्रेड' चित्रपटातही त्या जातीचा एक यंत्रमानव दिसतो. जॉनी अल्फाच्या कथा वॅग्नर आणि त्याचा मित्र ॲलन ग्रँट यांनी कित्येक वर्षं लिहिल्या आणि बहुतेक एझ्केरानंच काढल्या.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जॉनीला मारायचं ठरलं. एझ्केराला ते पटलं नाही. आपण त्याचा मृत्यू काढणार नाही, असं त्यानं सांगितलं. १९९० मध्ये जॉनी मेला तो दुसऱ्या चित्रकारांच्या हातून. हक्क एझ्केराचा नव्हता, कागदोपत्री त्या पात्राशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्याजवळ नकार देण्याएवढंच होतं, आणि ते त्यानं वापरलं. पुढे जॉनी परत आला तेव्हा एझ्केराही परत आला. तो २०१८ मध्ये वारला. त्या वर्षीसुद्धा त्यानं काढलेला जॉनी अल्फा छापून येत होता. चाळीस वर्षं. ज्या साप्ताहिकात तो जन्मला, त्याला बावीस आठवडेही जड झाले होते.

दरम्यान मालक बदलत गेले. १९८० च्या दशकात तिथले अनेक चांगले लेखक-चित्रकार अमेरिकेतल्या कंपन्यांकडे गेले, कारण तिथे नाव होतं, पैसे बरे होते. २००० मध्ये ऑक्सफर्डच्या रिबेलियन या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीनं टू थाउजंड एडी विकत घेतलं. २०१६ आणि २०१८ मध्ये तिनं जुन्या कॉमिक्सचा प्रचंड साठाही घेतला. त्यामुळे आता यांतल्या अनेक कथा पुस्तकरूपात मिळतात. टू थाउजंड एडीनं २००० साल ओलांडलं, तेव्हा त्याचं नावच जुनं झालं. भविष्य म्हणून ठेवलेलं नाव इतिहासजमा झालं आणि साप्ताहिक मात्र चालू राहिलं.

आपल्याकडचा हिशेब काय वेगळा आहे? १९६४ मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये थांबली. १९५२ पासून मराठीत येणारा चांदोबाही थांबला. सरकारच्या बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेलं 'किशोर' तेवढं टिकून राहिलं. मुलांचं नियतकालिक बंद होताना मोठी माणसं आकडे मांडतात, आणि आकडे खोटे नसतात. कागद महाग होतो, छपाई महाग होते, हे मला समजतं. माझ्या कवितासंग्रहांचे प्रकाशकही हेच सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की 'पुढील अंकी' हे शब्द छापताना त्याची जोखीम कुणीतरी घेतली पाहिजे. मोठ्या माणसाला फसवलं तर तो ग्राहक आयोगाकडे जातो. आठ वर्षांचं मूल कुठे जात नाही. ते फक्त थोडं कमी विश्वास ठेवायला शिकतं.

स्टारलॉर्डच्या बाबतीत तो शब्द कंपनीनं पाळला नाही. पाळला तो वॅग्नरनं, मिल्सनं, एझ्केरानं. बारा पेन्सच्या चकचकीत कागदावरून स्वस्त कागदावर यावं लागलं, तरी त्यांनी गोष्ट पुढे नेली.

दोन वर्षांपूर्वी भाच्यानं मला स्ट्रॉन्शियम डॉगच्या जुन्या कथांचं पुस्तक पाठवलं. मामू आता नाहीत. आपा रत्नागिरीत असते, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला बारीक अक्षर दिसत नाही. मी ते पुस्तक घेऊन तिच्याकडे गेलो आणि या वेळी मी वाचलं, तिनं ऐकलं. आमच्या दोन अंकांच्या पुढचे सगळे अंक. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे बंद पडलंच नव्हतं ते?"

मी म्हटलं, "पडलं होतं. पण तो मुलगा दुसऱ्याच्या घरी राहत होता."

"मामू म्हणालेच होते," ती म्हणाली. "पुढचं वाच."